बाळा हडकर आणि दालचिनीच्या पानांचं तेल

विमानतळावर आमच्या सहलीची माणसं एकमेकांना शोधत होती. सहल कंपनीनं प्रत्येकाला एक पिवळी टोपी दिली होती आणि बहुतेकांनी ती हातात धरली होती. घाटकोपरचे राजेश दिघे मात्र ती डोक्यावर घालून, हात वर करून उभे होते. "श्रीलंका? श्रीलंका इकडे!" असं ते ओळखदेख नसलेल्यांनाही सांगत होते. मी त्यांच्याकडे निघाले, तेवढ्यात मागून हाक आली, "बाई!"

मुलुंडच्या मराठी शाळेत एकतीस वर्षं शिकवल्यावर या हाकेला मान आपोआप वळते. मागे एक पन्नाशीकडे झुकलेला माणूस उभा होता. बुटका, कपाळ मोठं, शर्टाची वरची गुंडीही लावलेली. त्याच्या ढकलगाडीवर सुतळीनं बांधलेले तीन खोके होते. त्याने आधी खोके नीट टेकवले, मग वाकून नमस्कार केला.

"ओळखलं नाही ना बाई? बाळा हडकर. पाचवी ब."

ओळखलं. पाचवी ब, खिडकीजवळचा तिसरा बाक. वडील लालबागच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर मुलुंडला एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये लागले. पावणेसहाला उठून हा पोरगा वडिलांबरोबर कांदे चिरायचा आणि मग शाळेत यायचा. गणित बरं, अक्षर सुंदर. पण तोंडी विचारलं की गप्प. कविता म्हणायला उभा केला की पहिली ओळ म्हणायचा आणि दुसरीला अडकायचा. मग मी पुढचा शब्द हळूच सांगायचे. तो त्या शब्दाला धरून आणखी एक ओळ चालायचा, पुन्हा थांबायचा. वर्षभर आमचं असंच चाललं.

"तू पण सहलीला?"

"मी आचारी बाई, तुमच्या सहलीचा. अकरावी वेळ श्रीलंकेची."

त्याला मी श्रीलंका कशी आहे म्हणून विचारलं. त्याने थोडा विचार केला. "दांबुल्लाच्या हॉटेलात पाण्याला जोर आहे. कँडीला शेगडी उंच पडते, पायाखाली पाट घ्यावा लागतो. बेंटोटाला वारा खारा, तिथे मीठ बरणीत ओलं होतं."

दहा वेळा जाऊन त्याने त्या देशातली तीन स्वयंपाकघरं पाहिली होती.

आम्ही अठ्ठावीसजण होतो, बहुतेक मुलुंड-घाटकोपरचे, सगळे साठीच्या पुढचे. आमची देखभाल करायला बोरिवलीची मानसी नावाची सव्वीस वर्षांची मुलगी होती. कंपनीची जाहिरात अशी की देश कुठलाही असो, संध्याकाळी ताटात वरणभात येणार. त्यासाठी दरवेळी दोन आचारी जायचे. या वेळी दुसऱ्याला, सिद्धेशला, निघायच्या चार दिवस आधी कावीळ झाली आणि बाळा एकटा आला. हे मला मानसीनं सांगितलं, काळजीचं काही नाही अशा सुरात. तेव्हा मलाही त्यात काळजीचं काही दिसलं नाही.

कोलंबोहून दांबुल्लाकडे जाताना बसमध्ये शुभाताई ओगले माझ्या शेजारी होत्या. सत्तरीच्या, ताठ बसणाऱ्या, बोलण्यात मोजक्या. त्यांच्या मांडीवर एक पितळी डबी होती. डबीत घरचा बाळकृष्ण. घरी आता मागे कुणी नसतं, म्हणून देव बरोबर घेतला. त्याला रोज नैवेद्य हवा. त्यांनी उठून मानसीला विचारलं, आचाऱ्याला जमेल का, आणि एक गोष्ट निक्षून सांगितली: "नैवेद्य दाखवेपर्यंत पातेल्यातलं कुणी चाखायचं नाही. उष्टं देवाला चालत नाही."

ते सगळ्यांनाच आवडलं. परदेशात, बसमध्ये बसून, आपल्या घरासारखा नेम. मानसीनं पुढच्या सीटवर बसलेल्या बाळाला विचारलं, "बाळादादा, जमेल ना? नाही चाखलं तर मीठबीठ?"

"जमेल," बाळा म्हणाला. "मी तसंही चाखत नाही. हाताला माप आहे."

त्याच्या चेहऱ्यावर मोठी सुटका झाल्यासारखं दिसलं. मला वाटलं, धार्मिक असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला गोळी घ्यायला गरम पाणी हवं होतं. जेवणघराला लागून स्वयंपाकघर होतं, तिकडे गेले. दारापर्यंत पोचायच्या आतच करपलेल्या दुधाचा वास नाकात शिरला. आत बाळा शेगडीकडे पाठ करून कोथिंबीर निवडत होता. हॉटेलचा माणूस पलीकडे भांडी विसळत होता, नळ जोरात चालू होता.

"बाळा, अरे दूध लागलं!"

तो वळला. त्याने पातेल्याकडे पाहिलं. दूध वर आलं नव्हतं, वरून पांढरंशुभ्र शांत होतं. तो वाकला, बाजूनं पाहिलं, मग पळीनं तळ खरवडला आणि पळीला लागलेलं काळं बघून त्याने गॅस बंद केला. एवढा वास सुटला असताना या माणसाला डोळ्यांनी बघावं लागलं, हे माझ्या ध्यानात आलं. आणि ते माझ्या ध्यानात आलं, हे त्याच्या.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दुसऱ्या लाटेत करोना झाला तेव्हापासून. तीन वर्षं होतील एप्रिलला." तो पातेल्याकडे बघत बोलत होता. "वास नाहीच. जिभेला तिखट टोचतं, मीठ फार झालं तर कळतं. पण चव म्हणून काय नाय. डॉक्टरांनी चार वास दिलेले, रोज दोनदा हुंगायला. दोन महिने केलं. चार कोऱ्या कागदांना नाक लावल्यासारखं वाटायचं. सोडलं."

"आणि कंपनीत?"

"सिद्धेश असायचा ना. मी फोडणी घालायचो, तो चाखायचा. त्याला पण वाटायचं, मी मोठा म्हणून त्याला शिकवतोय." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "बाई, कुणाला सांगू नका. पुढच्या महिन्यात मॉरिशस आहे, मग थायलंड. आचाऱ्याला नाक नाही हे कळलं तर मला कोण ठेवील? मला दुसरं काय येतंय?"

मी नाही सांगणार म्हटलं. त्या एका शब्दानं माझी सहल संपली.

कारण त्यानंतर मला स्वस्थता नव्हती. गॅस सुटला तर याला कळणार नाही. तेल जळलं तर धूर दिसेपर्यंत कळणार नाही. अठ्ठावीस माणसं, त्यातल्या निम्म्यांना रक्तदाब, तिघांना मधुमेह, आणि परक्या मुलुखात कुणाचं पोट बिघडलं तर? सिगिरियाचा तो प्रचंड खडक, त्याच्या कड्यातली चित्रं, ज्यांच्यासाठी मी दोन वर्षं ही सहल मनात धरली होती, तो मी खालूनच पाहिला. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. गुडघे दुखतातच, पण त्या दिवशी ते दुखत नव्हते. सगळे वर चढत असताना मी रिक्षानं हॉटेलवर परतले आणि बाळाच्या आमटीत चमचा बुडवून तोंडात घातला.

"मीठ कमी," मी म्हटलं.

"किती?"

"चिमूटभर."

"कुणाची चिमूट बाई? तुमची की माझी?"

मी माझ्या बोटांनी मीठ टाकलं. त्यानंतर रोज, दोन वेळा. शुभाताई दुपारी वाटीत नैवेद्य घेऊन जायच्या, डबी उघडून देवापुढे ठेवायच्या, डोळे मिटायच्या. त्या वाटीतलं मी आधीच चाखलेलं असायचं. मी भाविक म्हणावी अशी नाही, पण दुसऱ्याच्या श्रद्धेत चमचा घालणं मला सोपं गेलं नाही.

जेवताना बाळा वाढायच्या टेबलामागे उभा राहायचा. तो ताटांकडे बघत नसे, तोंडांकडे बघे. पहिला घास गेला की कुणाच्या भुवया हलतात, कोण पाण्याकडे हात नेतं, कोण दुसऱ्यांदा वाढून घेतं. राजेश दिघ्यांनी "वा!" म्हटलं की त्याचे खांदे जरा खाली यायचे. दिघे "वा" फार मोठ्यानं म्हणत. "बाळा, लेका, माझ्या बायकोला सांगू नकोस, पण अशी आमटी तिला चाळीस वर्षांत जमली नाही!" त्यांची बायको शेजारीच बसलेली असायची. "मग त्याच्याशीच लग्न करायचं होतं," ती म्हणायची, आणि सगळे हसायचे. बाळाही हसायचा, डोळे मात्र पुढच्या माणसाच्या तोंडावर.

तिसऱ्या दिवशी दुपारी मला पोचायला उशीर झाला. गेले तर बाळानं सकाळी वाटून ठेवलेलं ओल्या खोबऱ्याचं वाटण उसळीत घालायला घेतलं होतं. त्या हवेत ते चार तास बाहेर राहिलं होतं. फ्रिजमध्ये ठेवायला सांगितलं होतं, पण हॉटेलच्या माणसाला ते समजलं नव्हतं. मी भांड्यावर वाकले. आंबलं होतं. स्पष्ट, आंबूस वास.

"टाकून दे," मी म्हटलं.

त्याने भांडं नाकाशी नेलं. खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग मोरीत ओतलं.

"बाळा, हे मानसीला सांगायला हवं. आज मी उशिरा आले. उद्या आलेच नाही तर?"

"कँडी होऊ दे बाई. कँडी झाली की दोनच दिवस राहतात."

"तू सांग, नाहीतर मी सांगेन."

"तुम्ही सांगणार नाही म्हणाला होतात." तो पाचवीतल्यासारखा म्हणाला.

मी मानसीकडे गेले नाही. हे मी नीट केलं असं मला आजही वाटत नाही.

चौथ्या दिवशी आम्ही कँडीला निघालो. वाटेत मातले या गावाजवळ मसाल्यांचा मळा बघायचा होता. बाळा अशा ठिकाणी उतरत नसे, बसमध्ये झोप काढे. पण दिघ्यांनी त्याला हाताला धरून उतरवलं. "अरे, तुझं खातं आहे हे! आम्हाला काय कळतंय? चल."

मळा गर्द होता. मिरीचे वेल झाडांना बिलगून वर गेलेले, जायफळाची झाडं, आणि खाली सावलीत वेलदोडा. निमल नावाचा तरुण वाटाड्या इंग्रजीत आणि मोडक्या हिंदीत सांगत होता. प्रत्येक पान चुरगळून तो सगळ्यांच्या नाकाशी धरायचा. माणसं डोळे मिटून "अहाहा" करायची. बाळाच्या नाकाशी धरलं की तोही डोळे मिटायचा. "अहाहा" म्हणायला त्याला इतरांपेक्षा अर्धा क्षण जास्त लागायचा. तो अर्धा क्षण मी मोजत होते.

शेवटी एका छपराखाली बाकं होती आणि टेबलावर छोट्या बाटल्या. निमल म्हणाला, डोळे बांधून कोण ओळखेल?

"आमचा बाळा!" दिघे उठलेच. "निमलभाय, ये हमारा शेफ है. एक नंबर! तुम्हारा पूरा गार्डन ओळखेगा!"

"नको साहेब," बाळा म्हणाला.

"नको काय? लाजतो काय रे नवरीसारखा? मुंबईची इज्जत आहे!"

टाळ्या सुरू झाल्या. मानसीनं फोन काढून चित्रण सुरू केलं. "बाळादादा, ऑफिसच्या ग्रुपवर टाकते, झकास होईल!" मी पुढे होऊन काहीतरी बोलणार होते. पण काय बोलणार? तोवर दिघ्यांनी आपला रुमाल त्याच्या डोळ्यांवर बांधला होता. एवढ्या मायेनं बांधला, की गाठ केसांत अडकू नये म्हणून दोनदा सोडून बांधला.

निमलनं पहिली वस्तू हातात दिली. बाळानं ती नाकाशी नेली, पण त्याच्या बोटांनी तिला आधीच चाचपलं होतं. कागदासारख्या पातळ सालींची गुंडाळी. "दालचिनी. इथली, पातळ सालीची." टाळ्या. दुसरी वस्तू, गोल, कडक, खरखरीत. "जायफळ." तिसरी, "हिरवी वेलची." दिघे नाचायचेच बाकी होते. मला वाटलं, संपलं, सुटला.

मग निमलनं एक बाटली उघडली, कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब टाकले आणि बोळा बाळाच्या नाकासमोर धरला.

आता बोटांना काही काम नव्हतं. बाळानं श्वास घेतला. त्याच्या मानेची शीर उडताना मला दिसत होती. मी त्याच्या डाव्या खांद्याशी उभी होते आणि वास माझ्यापर्यंत स्पष्ट आला होता. एकतीस वर्षांची सवय. माझे ओठ हलले.

"लवंग," मी त्याच्या कानाशी पुटपुटले.

"लवंग," बाळा मोठ्यानं म्हणाला.

निमल टाळी वाजवून हसला. चूक! ते लवंगेचं नव्हतं, दालचिनीच्या पानांचं तेल होतं. सालीचा वास वेगळा, पानांचा वेगळा. पानांचं तेल लवंगेसारखंच येतं, मोठमोठे शेफ इथेच फसतात, असं त्याने सांगितलं. सगळे हसले. दिघ्यांनी बाळाच्या पाठीत थाप मारली. "फसलास रे! पण मोठ्या लोकांसारखा फसलास!"

माझी चूक त्याला वाचवून गेली होती. नाक असलेला माणूसच ती चूक करणार, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारणच उरलं नाही. मी बाकावर बसले. बाळानं रुमाल सोडला, घडी घालून दिघ्यांना परत दिला. तो हसत नव्हता. जाताना त्याने ती छोटी बाटली विकत घेतली.

बस सुरू झाल्यावर तो माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसला.

"बाई, तुम्ही पाचवीत पण असंच करायचात."

"काय?"

"पुढचा शब्द सांगायचात. मला वाटायचं, बाई किती चांगल्या. पण वर्षभरात मी एक कविता पुरी म्हटली नाही." तो रागानं बोलत नव्हता. हिशेब जुळवल्यासारखं बोलत होता. "तुमची काही चूक नाही. मी वाटच बघत राहायचो, बाई सांगतील म्हणून. घरी बायको चाखते. टूरवर सिद्धेश. इथे तुम्ही. कालचं वाटण मी घातलंच असतं."

"मानसीला मीच सांगतो," तो म्हणाला. "तुम्ही बरोबर या. पण बोलू नका."

कँडीच्या हॉटेलवर पोचल्यावर चारच्या सुमारास त्याने मानसीला बाजूला बोलावलं आणि सांगितलं. ती आधी हसली, तिला थट्टा वाटली. मग तिचा चेहरा उतरला. "बाळादादा, वाट लागली ना यार... मी आत्ताच तो व्हिडिओ टाकला!" तिने मुंबईला फोन लावला. पलीकडून बराच वेळ कुणीतरी बोलत होतं आणि ही नुसती "हो सर" म्हणत होती. आजच्या दिवस बाळानं स्वयंपाकघरात जायचं नाही, हॉटेलचं जेवण घ्या, उद्या काय ते कळवतो, असं ठरलं. "पण ग्रुपला काय सांगू? वरणभात का नाही म्हणून?" ती आमच्याकडे बघत म्हणाली.

"मी सांगतो," बाळा म्हणाला.

त्या संध्याकाळी जेवणघरात तो पहिल्यांदा टेबलाच्या पुढे उभा राहिला. अडखळत बोलला. दोनदा थांबला. दोन्ही वेळा माझ्या जिभेवर पुढचा शब्द आला होता. मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

सांगून झाल्यावर एकदम सगळे बोलायला लागले. "म्हणजे चार दिवस आम्ही काय खाल्लं?" "माझं परवा पोट बिघडलेलं, मी म्हटलंच होतं!" "अहो, गॅस लीक झाला असता तर?" त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. बाळा प्रत्येकाला "बरोबर आहे" म्हणत होता. मग दिघ्यांचा आवाज चढला. "मी तुझे डोळे बांधले रे! तेव्हा बोलायचं नाहीस? मी येड्यासारखा टाळ्या पिटतोय..." वाक्य पुरं न करता ते उठून बाहेर गेले. त्यांना राग स्वतःचाच आला होता, पण तो बाळाच्या अंगावर पडला.

शुभाताईंनी हात वर केला. त्या हात वर करून बोलतात.

"माझ्या देवाला तुम्ही न चाखलेलं दिलंत, ते नेम म्हणून की चव कळत नाही म्हणून?"

बाळानं विचार केला. "भीतीनं, ताई."

आता मला बसून राहणं शक्य नव्हतं. "शुभाताई, न चाखलेलं नव्हतं ते. दुसऱ्या दिवसापासून मी चाखत होते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढंच. मग डबी उचलली आणि आपल्या खोलीत गेल्या. आम्ही दोघी एका खोलीत होतो. रात्री त्यांनी माझ्याशी एक शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दंतधातूच्या मंदिरात, जिथे बुद्धाचा दात जपून ठेवला आहे तिथे, जायचं होतं. बाळाला स्वयंपाकघर बंद होतं, म्हणून मानसीनं त्याला बरोबर घेतलं. अकरा खेपांत पहिल्यांदा. त्याने नवा पांढरा शर्ट घातला होता. ढोल वाजत होते, पांढऱ्या कपड्यांतली माणसं कमळं घेऊन रांगेत उभी होती, आणि तो लहान मुलासारखा प्रत्येक खांबावरची नक्षी बघत चालला होता. आमच्यातलं कुणी त्याच्या जवळ चालत नव्हतं. बुद्धाला रोज अन्न अर्पण करतात, असं तिथल्या वाटाड्यानं सांगितलं, आणि अर्पण करण्याआधी रांधणारा ते चाखत नाही.

"मग मीठ कसं कळतं त्याला?" बाळानं विचारलं.

वाटाड्याला प्रश्न नवा होता. तो जरा थांबला. तीच माणसं, तीच मापं, वर्षानुवर्षं, असं काहीसं म्हणाला. मग हसून म्हणाला, कमी-जास्त झालं तर बुद्ध काही बोलत नाही.

मागून कुणीतरी खुदकन हसलं. शुभाताई होत्या. हसू दाबत त्या बाळाजवळ आल्या.

"माझाही बोलत नाही," त्या म्हणाल्या. "पण ही अठ्ठावीस माणसं बोलतात. आजपासून माझ्या देवाला साखर. तुम्ही पातेल्यातलं हवं त्याला चाखायला द्या." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मलाही द्या. यांना मीठ जास्त लागतं."

दुपारी मुंबईचा निरोप आला. गॅसपाशी हॉटेलचा माणूस उभा राहील, चव सहलीतल्या दोघांनी घ्यायची, आणि अशा अटीवर उरलेले दिवस बाळानं रांधायचं. पुढचं मुंबईत आल्यावर. शेवटचे दोन दिवस बेंटोटाच्या स्वयंपाकघरात शुभाताई एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला चमचे घेऊन उभ्या असायचो आणि आमचं एकाही पदार्थावर एकमत व्हायचं नाही. समुद्र तिथून फक्त ऐकू यायचा. दिघे दोन दिवस "वा" म्हणाले नाहीत. निघायच्या दिवशी मात्र ते स्वयंपाकघराच्या दारात आले, टोपी काढली, आणि म्हणाले, "भाजी बरी होती." बाळाचे खांदे खाली आले.

मुलुंडला परतल्यावर तीन आठवडे काही कळलं नाही. मी दोनदा त्याला करायला फोन हातात घेतला आणि ठेवला. मॉरिशसची तारीख जवळ येत होती. मग एका रविवारी दुपारी तो घरी आला. हातात खाऊचा पुडा, आणि चेहरा परीक्षेला निघालेल्या मुलाचा.

"ठेवलंय बाई," तो दारातच म्हणाला. "सिद्धेश बरोबर येणार. चव त्याची, हात माझा."

"मग? एवढा घाबरलास कशाला?"

"अट आहे एक. प्रत्येक टूरला पहिल्या दिवशी बसमध्ये माइक घेऊन मीच सांगायचं. लोकांना माहीत हवं म्हणतात. कुणाला नको असेल त्यानं तिथेच सांगावं." त्याने कपाळावरचा घाम पुसला. "बरोबर आहे त्यांचं. पण चाळीस अनोळखी माणसं, बाई. परवा पहाटे विमान आहे. कालपासून जेवण जात नाही. तुमच्यासमोर एकदा म्हणून बघू?"

मी त्याला खिडकीजवळ उभं केलं आणि समोर खुर्ची घेऊन बसले. त्याच्या शर्टाच्या खिशात ती छोटी बाटली दिसत होती. रोज सकाळ-संध्याकाळ हुंगतो म्हणाला. अजून काही येत नाही.

"नमस्कार मंडळी," त्याने सुरुवात केली. "मी बाळा हडकर. तुमच्या सहलीचा आचारी. मॉरिशसला माझी ही चौथी वेळ. मला..."

तो थांबला. खालच्या रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. बाळाचे डोळे माझ्या ओठांवर होते, पाचवीत असायचे तसे. शब्द माझ्या तोंडात तयार होता. मी ओठ घट्ट मिटले आणि हात मांडीखाली घेतले. भाजीवाला कोपऱ्यापर्यंत गेला, तिथून पुन्हा ओरडला. बाळानं माझ्यावरची नजर काढली, खिडकीबाहेर कुठेतरी लावली.

"मला वास येत नाही," तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य बोलायला लागला.